घरशाळेतली नववी ते बारावी : साहित्यातून शिकायचं तर पुस्तकं कशी निवडावीत

‘वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तकं’ छापाच्या याद्या आधी बाजूला ठेवा. त्या मोठ्या माणसांच्या आवडीतून तयार झालेल्या असतात. एका वर्षात त्यातलं किती बसेल, कशाशेजारी काय ठेवावं, पंधरा वर्षांच्या मुलाला त्या पुस्तकावर दोन पानं स्वतःच्या मनाची लिहिता येतील का, यातलं काहीच त्या सांगत नाहीत. साहित्यावर आधारलेली घरशाळा नीट चालते ती थोड्या पुस्तकांवर. वर्षाला आठ ते दहा पुस्तकं, त्यातली चार अगदी सावकाश वाचलेली, आणि त्या चारांतल्या प्रत्येकाशेजारी त्याला प्रश्न विचारणारा दुसरा मजकूर. बाकी सगळी मेहनत ही चार शोधण्यात आहे. उदाहरणं नाशिककडच्या घरांना धरून दिली आहेत.

आधी परीक्षा, मग पुस्तकं

मूल दहावी-बारावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) देणार, राज्य मंडळाचा १७ नंबरचा, म्हणजे खासगी विद्यार्थ्याचा फॉर्म भरून देणार की केंब्रिजकडून, हे ठरल्याशिवाय यादीला हात लावू नका. एनआयओएसच्या माध्यमिक परीक्षेला किमान वय १४ लागतं, उच्च माध्यमिकला १५. परीक्षेची पाठ्यपुस्तकं हा वेगळा कप्पा आहे. कुमारभारती आणि युवकभारती ई-बालभारतीवर फुकट मिळतात. परीक्षेच्या वर्षी शेवटचे दहा-बारा आठवडे त्यांना आणि जुन्या प्रश्नपत्रिकांना द्या. साहित्यातून मराठी, इंग्रजी, इतिहास आणि समाजशास्त्र शिकता येतं. गणित आणि भौतिकशास्त्र येत नाही. शास्त्रज्ञाचं चरित्र वाचून झालं म्हणजे विज्ञान झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पानांचा हिशेब

हा हिशेब कागदावर करा. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या प्रकारच्या पुस्तकांतून, मधूनच एखादं प्रकरण उघडून मुलाला अर्धा तास वाचू द्या आणि पानं मोजा. थरारक गोष्टीचा वेग धरू नका. तो नेहमीच्या दुप्पट निघतो. समजा, सरासरी तासाला २० पानं आली. रोज एक तास, आठवड्याला पाच दिवस, वर्षाला ३६ आठवडे, म्हणजे १८० तास आणि ३,६०० पानं. यातला एक तृतीयांश वेळ बोलण्यात आणि लिहिण्यात जातो, जायलाच हवा. उरली २,४०० पानं. अडीचशे पानांची साडेनऊ पुस्तकं, बस. इंग्रजीचा वेग वेगळा मोजा. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा तो निम्मा भरला तरी घाबरायचं कारण नाही, पण इंग्रजी पुस्तकं तेवढी पातळ घ्या.

कविता या हिशेबात धरू नका. रोज पंधरा मिनिटं, मोठ्यानं, एका सत्रात एकच कवी. नाटकही धरू नका. ते घरातल्या सगळ्यांनी भूमिका वाटून घेऊन दोन संध्याकाळींत वाचायचं असतं.

आता कच्ची यादी करा. चाळीस-पन्नास नावं सहज होतात.

कापाकापी : खरं काम इथे आहे

चाळिसाची चार करताना जवळजवळ प्रत्येक घर अडकतं, कारण यादीतलं प्रत्येक पुस्तक चांगलंच असतं. ‘हे चांगलं आहे का?’ हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. विचारायचं ते एवढंच : हे पुस्तक या मुलाबरोबर, या वर्षी, काम करेल का? त्यासाठी तीन चाळण्या लावा, आणि याच क्रमानं लावा.

पहिली चाळणी मधल्या पानाची. पहिलं पान कधीच तपासू नका. लेखकानं ते सगळ्यात घासून पुसून लिहिलेलं असतं. पुस्तकाचा साधारण एक तृतीयांश भाग सोडून एक पान उघडा आणि मुलाला मोठ्यानं वाचू द्या. पानावर अडीचशे शब्द असतील आणि बारा-तेरापेक्षा जास्त शब्दांवर ते अडत असेल, तर पुस्तक पुढच्या वर्षी. लहान मुलांसाठी सांगतात तो पाच बोटांचा नियम (पानावर पाच शब्द अडले की पुस्तक अवघड) इथे लावू नका. त्या नियमानं नववीच्या मुलाच्या हाती फक्त सोपंच उरतं. एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. बोलीभाषेतले शब्द अडलेल्यांत मोजायचे नाहीत. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीतली वऱ्हाडी नाशिकच्या मुलाला पहिली वीस पानं परकी वाटते, मग कानात बसते, कारण तेच शब्द पुन्हा पुन्हा, तशाच प्रसंगात येतात. संस्कृतप्रचुर, लांबलचक वाक्यांचं गद्य तसं बसत नाही. तिथला अडथळा शंभराव्या पानावरही तेवढाच असतो. बोली अवघड म्हणून ग्रामीण पुस्तकं गाळणं आणि ‘शुद्ध भाषा’ म्हणून जड पुस्तकं ठेवणं, हा नेमका उलटा न्याय बऱ्याच घरांत चालतो.

त्याच चाळणीचा दुसरा भाग दुसऱ्या दिवशी करा. पुस्तक मिटलेलं ठेवून विचारा, काल वाचलं त्यातलं काय राहिलं? सारांश मागू नका. एखादी वस्तू, एखादं वाक्य, एखाद्याचा राग, काहीही आठवलं तरी चालेल. काहीच आठवलं नाही, तर भाषा कळूनही पुस्तक लागलेलं नाही.

दुसरी चाळणी वादाच्या प्रश्नाची, आणि ती पालकानं लावायची आहे. पुस्तक यादीत पक्कं करण्याआधी त्यावर तीन प्रश्न लिहून काढा. प्रत्येक प्रश्नाला किमान दोन उत्तरं हवीत, आणि दोन्हींच्या बाजूनं पुस्तकातली पानं दाखवता यायला हवीत. ‘बनगरवाडी’ घ्या. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, तालीम बांधून घेतो, आणि शेवटी दुष्काळात वाडी उठते. ‘बनगरवाडीतील लोकजीवनाचे वर्णन करा’ हा प्रश्न टाकाऊ आहे. त्याचं उत्तर गाइडमध्ये मिळतं. ‘मास्तर बाहेरून आलेला आहे, म्हणून त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही?’ हा प्रश्न मुलाला पुन्हा पुस्तकात पाठवतो. ‘तालीम गावाला हवी होती की मास्तरला?’ यावर घरात भांडण होऊ शकतं, आणि दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो. दीडेकशे पानांची ही कादंबरी पाच आठवडे पुरते ती त्यामुळे.

असे तीन प्रश्न तुम्हाला सुचलेच नाहीत, तर ते पुस्तक मुख्य चारांत घेऊ नका. ‘एक होता कार्व्हर’ हे शास्त्रज्ञाचं चरित्र घराघरांत प्रेमानं वाचलं जातं आणि मुलांनी ते वाचावंच. पण मुख्य पुस्तक म्हणून ते पेलत नाही. कार्व्हरशी कुणाचं भांडणच होत नाही, त्यामुळे निबंधाचं थेट अभिनंदनपत्र होतं. प्रेरणा देणारी पुस्तकं मोकळ्या वाचनात ठेवा. लिहायला शिकवतात ती अस्वस्थ करणारी पुस्तकं.

तिसरी चाळणी जोडीची. मुख्य पुस्तकाला जोड मिळत नसेल तर ते वगळा. जोड म्हणजे त्याच विषयावरचं आणखी एक पुस्तक नव्हे. तोच अनुभव दुसऱ्या जागेवरून सांगणारा मजकूर हवा, आणि तो शक्यतो लहान असावा : एक कथा, एक अंक, एक कागद. उदाहरणानंच हे कळेल. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही यमूनं स्वतः सांगितलेली कहाणी आहे, पण लिहिणारा पुरुष आहे. तिच्याशेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवा. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८चा. त्यांनी आयुष्यातले हाल सांगताना कुठे हसवलं आहे आणि आपट्यांनी तशाच हालांवर कुठे रडवलं आहे, हे शोधायला लावा. मग ताराबाई शिंद्यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’तली (१८८२) दहा पानं द्या. एकोणिसाव्या शतकातल्या स्त्रीजीवनाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

दुसरी जोडी : जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि सदानंद देशमुखांची ‘बारोमास’. मध्ये जवळपास एकशेवीस वर्षं आहेत. कर्ज, शिक्षण आणि सरकारी माणूस हे तीन शब्द वहीत लिहायला सांगा आणि दोन्ही पुस्तकांत ते कुठे कुठे येतात याची नोंद ठेवू द्या. निफाड-लासलगावकडच्या मुलाला कांद्याचा भाव पडणं म्हणजे काय हे घरीच माहीत असतं. त्याचा निबंध शहरी मुलापेक्षा भारी होतो. तिसरी जोडी : ‘नटसम्राट’ आणि विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेला ‘राजा लिअर’. दोन्हीकडे बाप हयातीतच सगळं वाटून टाकतो. ‘मुलं कृतघ्न निघाली’ हे उत्तर स्वीकारू नका. मुलांची बाजू कुठे कुठे खरी आहे ते पान दाखवून सांगायला लावा.

या टप्प्यावर तीन ठिकाणी घसरण होते, म्हणून ठासून सांगते.

एक, आईबाबांची लाडकी पुस्तकं. आपण कॉलेजात असताना ‘मृत्युंजय’ या कर्णावरच्या कादंबरीनं रात्री जागवल्या म्हणून ते यादीत शिरतं. पुस्तक सातशेच्या आसपास पानांचं आहे. तासाला २० पानांनी ३५ तास, म्हणजे नुसत्या वाचनाचे सात आठवडे. वर्षाचा पाचवा भाग एका पुस्तकात गेला. महाभारत शिकवायचं असेल तर इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ मुख्य पुस्तक म्हणून घ्या. एकेक व्यक्तीवर एकेक लेख आहे, प्रत्येक लेखात ठाम मत आहे, आणि त्या मताशी भांडता येतं. ‘मृत्युंजय’ मे महिन्याच्या सुट्टीत वाचू द्या आणि मग ‘युगान्त’मधला कर्णावरचा लेख पुन्हा काढा.

दोन, ऐतिहासिक कादंबरी म्हणजे इतिहास असं धरणं. कादंबरीतले संवाद लेखकानं रचलेले असतात, हे मुलाला माहीत असतं पण वाचताना ते विसरतं. पेशवाईवरची कादंबरी घेतलीत तर त्याच काळातली एखादी बखर किंवा छापलेल्या पत्रांतली चार-पाच पत्रं शेजारी असलीच पाहिजेत. नसतील तर कादंबरी मोकळ्या वाचनात. यात तडजोड करू नका. पंधराव्या वर्षी डोक्यात बसलेला कादंबरीतला संवाद पुढे पन्नाशीपर्यंत पुरावा म्हणून वापरला जातो.

तीन, कठीण वास्तव ‘अजून लहान आहे’ म्हणून पुढे ढकलत राहणं. दलित आत्मकथनं आणि कथा बारावी संपेपर्यंत राहूनच जातात, असं फार घरांत होतं. बाबूराव बागूल नाशिकरोडजवळच्या विहितगावचे. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही त्यांची कथा दहावीच्या मुलाला झेपते, आणि एका बैठकीत वाचून होते. दया पवारांचं आत्मकथन ‘बलुतं’ अकरावी-बारावीला घ्या. पालकानं आधी पूर्ण वाचा, कुठल्या पानांवर थांबून बोलायचं ते ठरवा, पण पानं गाळू नका. मुलाला नाशिकमध्ये याची जोड चालत जाऊन दाखवता येते : काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी दलितांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्याविषयी छापून आलेलं वाचून मग तिथे जा.

नाशिकचा एक कप्पा ठेवा

चार मुख्य पुस्तकांपैकी एक तरी असं घ्या, की त्याची जोड बस पकडून पाहता येईल. नववीला हे फार उपयोगी पडतं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. संस्कारांचं पुस्तक म्हणून वाचून घेऊ नका, तो कंटाळा मुलं आधीच करून बसलेली असतात. कर्जात बुडत जाणाऱ्या एका कोकणी घराची हकिगत म्हणून वाचा : पैसा कुठून येतो, कुठे जातो, वसुलीला कोण येतं, आणि आईच्या हातात नेमकं काय असतं.

पांडवलेण्यांतही असाच ऐवज आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी तिनं तिथे कोरून घेतली आहे. त्याचं भाषांतर घरी वाचा, मग लेण्यात उभं राहून विचारा : आई मुलाची स्तुती करते तेव्हा काय काय सांगायचं टाळत असेल? सोबत ‘गाथासप्तशती’तल्या वीस-पंचवीस गाथा द्या, त्याच काळाशी जोडलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या, आणि त्यांत गोदावरी वारंवार येते. गाथा मात्र पालकानं निवडायच्या, कारण बऱ्याच उघड शृंगाराच्या आहेत. राजाचा लेख आणि गावातल्या माणसांची गाथा अशी दोन टोकं एका आठवड्यात हाताला लागतात.

चार वर्षांचा तोल एकदाच तपासा : १९००च्या आधीचं, बाईनं लिहिलेलं, दलित लेखकाचं, गावातलं, दुसऱ्या भारतीय भाषेतलं, परदेशी, निसर्गावरचं. एकाच वर्षी सगळं कोंबायचं नाही.

आवृत्ती आणि अनुवाद

पुस्तक विकत घेण्याआधी मुखपृष्ठ सोडून आतलं पान पाहा. ‘संक्षिप्त’, ‘रूपांतर’, ‘कुमारांसाठी’ यांपैकी एक शब्द दिसला तरी परत ठेवा. लेखकाच्या निधनाला साठ वर्षं उलटली की भारतात पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं, आणि मग कुणीही छापतं. ‘श्यामची आई’च्या कितीतरी आवृत्त्या त्यामुळेच दिसतात. तपासणी सोपी आहे : बेचाळीस रात्री हव्यात. जुन्या छपाईत न उच्चारले जाणारे अनुस्वार असतात. १९६२च्या लेखननियमांनंतर ते गेले. मुलाला हे दहा मिनिटांत समजावून द्या, नाहीतर ते प्रत्येक ओळीला अडखळतं आणि पुस्तक अवघड आहे असं तुम्हाला वाटतं.

अनुवादाच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. मूळ इंग्रजी पुस्तक मूल इंग्रजीत वाचू शकत असेल तर मराठी अनुवाद घ्यायचा नाही. ‘ॲनिमल फार्म’ शंभरेक पानांचं आहे, ते इंग्रजीतच वाचावं. कन्नड, बंगाली, हिंदी, रशियन पुस्तकं मराठीत घ्या, पण अनुवाद मूळ भाषेवरून झाला आहे की इंग्रजीवरून, हे पाहून. उमा कुलकर्णींनी कन्नडमधून थेट आणलेली भैरप्पांची ‘पर्व’ वाचली की फरक कळतो. अर्थात आकार पाहता ती बारावीच्या सुट्टीत. अनुवाद तपासायचा तर एक संवाद मोठ्यानं वाचा. घरात कुणी तसं बोलेल असं वाटलं नाही, तर दुसरा अनुवाद शोधा.

पुस्तकं कुठून

मुख्य चार विकत घ्या, कारण त्यांत पेन्सिलीनं खुणा करायच्या आहेत. बाकी उसनी. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०पासूनचं आहे; सभासद व्हा आणि मुलाला स्वतः कपाटं धुंडाळू द्या. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातल्या पुस्तकपेट्याही आहेत. घरशाळेतली चार-पाच कुटुंबं मिळून चौकशी करा. फुले आणि हरिभाऊ मराठी विकिस्रोतावर वाचता येतात, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. नॅशनल बुक ट्रस्ट आणि साहित्य अकादमीची पुस्तकं स्वस्त पडतात.

मध्येच पुस्तक अडलं तर

अडतंच, वर्षातून एकदा तरी. पाचवा हिस्सा वाचून होईपर्यंत सोडायचं नाही. तेवढं वाचूनही मूल त्यावर आपणहून एक शब्द बोलत नसेल तर सोडून द्या, ‘सुरू केलंय तर संपव’ म्हणू नका. सोडण्याचं कारण मात्र त्यानं एक पानभर लिहून द्यावं, पुस्तकातले दोन प्रसंग दाखवून. बऱ्याचदा वर्षातलं सगळ्यात चांगलं लेखन तेच निघतं. मोकळ्या झालेल्या जागी तेवढंच जाड पुस्तक आणू नका, आठवडे आधीच कमी झालेले असतात. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ अशा वेळेसाठी कपाटात ठेवलेली बरी. पानं थोडी, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, मराठी तरुण आणि जर्मनीतून हाकललेली ज्यू मुलगी. जोडीला ॲन फ्रँकच्या डायरीतली पंधरा-वीस पानं द्या. तीन आठवड्यांत होतं.